सुंदराक्काची डेग

सुरुवातीलाच माफी मागतो. लिहिणं हे माझं काम नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि तोही कॉमर्सला. आजवर जे काही लिहिलं ते परीक्षेच्या पेपरात, तेही प्रश्न विचारले होते म्हणून. इथं मला कोणी काही विचारलेलं नाही. शिवाय जिच्याबद्दल लिहायला बसलोय ती बाई पुढारी नाही, शिकलेली नाही, पेपरात तिचं नाव कधी आलेलं नाही. ती लग्नाची भांडी भाड्यानं देते. मी तिच्यावर लिहितोय हे तिला कळलं तर ती म्हणेल, "अभ्यास न्हाई का रे तुला काही?" आणि तिचं बरोबरच असेल.

पण झालं असं. गुलबर्ग्याला आमच्या वर्गात सरांनी 'उद्योजक' हा धडा शिकवला. उद्योजकाला भांडवल लागतं, बाजाराची पाहणी लागते, धोका पत्करायची तयारी लागते, असं त्यांनी फळ्यावर एकाखाली एक लिहिलं आणि सांगितलं, तुमच्या पाहण्यातल्या एका उद्योजकावर दोन पानं लिहून आणा. कुणी तेलाच्या गिरणीच्या मालकावर लिहिलं, कुणी डाळमिलवर. मी कोरी वही घेऊन गेलो. सुंदराक्काचं नाव डोक्यात आलं होतं, पण ते लिहायची मला लाज वाटली. ती लाज अजून डाचते. म्हणून आता कोणी मागितलेलं नसताना लिहितो. चुकलं तर सांभाळून घ्यावं.

आमचं गाव बसवकल्याण तालुक्यात, कोहिनूरच्या पुढं. बस फाट्यावर सोडते, तिथून पायी. गावाच्या खालच्या अंगाला आमची बौद्धांची वस्ती, पंधरा-सोळा घरांची. सुंदराक्काचं आणि आमचं घर मिळून मधली भिंत एकच. त्यामुळं तिच्या घरातलं बोलणं आम्हाला ऐकू यायचं, आणि ती बोलायची तेव्हा पलीकडच्या तीन घरांनाही ऐकू जायचं. उंचीला ठेंगणी, आवाजाला मोठी. तिचा नवरा मानाजीकाका याच्या बरोबर उलट. तो दिवसभरात जितकं बोलतो तितकं अक्का चूल पेटेपर्यंत बोलून मोकळी होते.

तिला एक सवय आहे. समोर येईल त्या वस्तूवर ती बोटाच्या पेरानं ठोकून बघते. भांडं असेल तर टण्ण आवाज येतो का ते ऐकते, चीर असेल तर आवाज बसका येतो म्हणते. पण ती भांड्यावर थांबत नाही. दार, कलिंगड, दुसऱ्याची सायकल, माझं डोकं, सगळं ठोकून झालेलं आहे. गावात पाण्याची नवी टाकी बांधली तेव्हा लोक नारळ फोडत होते आणि ही टाकीला ठोकत होती. म्हणाली, "ह्यात काय पाणी यायचं न्हाई बगा." खरंच आलं नाही. पण ते तिच्या ठोकण्यामुळं कळलं की आधीच्या दोन टाक्यांच्या अनुभवावरून, ते मला सांगता येणार नाही.

दुसरं म्हणजे ती सगळं पंगतीत मोजते. तिची पंगत म्हणजे साठ माणसं. वस्तीतल्या लिंबापासून चावडीच्या भिंतीपर्यंत साठच बसतात म्हणून. माणसं पंगतीत मोजते हे ठीक आहे, पण ती वेळही पंगतीत मोजते. मी पहिल्यांदा गुलबर्ग्याला निघालो तेव्हा तिनं विचारलं, "किती लांब हाय रे?" मी काही सांगायच्या आत मानाजीकाकाला म्हणाली, "पाच पंगती उठतेत तवर पोचंल." हिशेब करून बघितला तर बरोबर होता.

भांडी मागायला माणूस आला की अक्का आधी विचारते, "किती माणूस?"

"पाचशे, अक्का."

"चुलत्याशी बोलणं हाय का तुझं?"

"न्हाई."

"सासरवाडीशी?"

"तेंच्याशी जरा..."

"मग साडेतीनशे. मोठी डेग नको तुला, मधली ने. भात उरला तर तुझा चुलताच हसंल."

सरांनी फळ्यावर लिहिलेली बाजाराची पाहणी म्हणजे बहुतेक हीच असावी. पण त्या वेळी मला ती चेष्टा वाटायची.

आता तिला ही कल्पना सुचली कशी ते सांगतो. मी तेव्हा आईच्या कडेवर होतो, म्हणून हे आईनं सांगितलेलं आहे.

वस्तीनं धम्मदीक्षा घेतल्यानंतरचं पहिलं मोठं लग्न अक्काच्या लेकीचं. गावकीची मोठी भांडी देवळामागच्या खोलीत असायची. ती आमच्या वस्तीला मिळायची नाहीत. पूर्वीही मिळत नव्हती, त्यामुळं कोणी मागायलाही गेलं नाही. अकरा घरांतून अकरा भांडी गोळा केली आणि अकरा चुलींवर भात घातला. एका भांड्यातला करपला, एका भांड्यातला कच्चा राहिला, एकात पाणी जास्त होऊन खीर झाली. पाव्हणे उदगीरकडचे. त्यांच्यातला एकजण ताटाकडं बघून मोठ्यानं म्हणाला, "सोयरीक एका घराशी केलो की अकरा घरांशी?" सगळे हसले. अक्काही हसली. लेकीची पाठवणी झाली. मग संध्याकाळच्या उन्हात ती अकरा उष्टी भांडी पुढं घेऊन बसली आणि कुठलं कुणाचं ते तिला ओळखेना.

ओळखू येईना याला कारण होतं. आमच्या घरांतली बरीचशी भांडी वरच्या आळीतल्या शेतमालकांकडून आलेली. सालभर काम केल्यावर कुणी जुनी परात द्यायचं, कुणी चेंबलेला तांब्या. त्यांवर नावं कोरलेली असायची, पण ती देणाऱ्यांची. आमच्या घरात मी लहानपणी ज्या ताटात जेवलो त्यावर दुसऱ्याच कुणाच्या आजीचं नाव होतं.

आई म्हणते, अक्का त्या भांड्यांकडं बराच वेळ बघत बसली आणि एकदम म्हणाली, "एकच मोठं भांडं पायजे. आन् ते आपलं पायजे."

आई म्हणाली, "एका लग्नासाठी?"

"एका कामून? आपल्या वस्तीत सालाला तीन-चार लग्नं. कोहिनूरच्या वस्तीत तितकीच. बाकीच्या दिशी ते भांडं काय करंल? दुसऱ्याच्या लग्नाला जाईल."

एवढंच. याच्यापलीकडं काही घडलं नाही. पुढच्या आठवड्यात तिनं हातातले चांदीचे गोठ काढले आणि मानाजीकाकाला घेऊन कल्याणला, म्हणजे बसवकल्याणला, गेली.

कल्याणला रशीदभाई नावाचे कल्हईवाले होते. आमच्या भागात फिरून भांड्यांना कल्हई लावायचे. त्यांनी एका जुन्या देवडीतली, म्हणजे वाड्यातली, तांब्याची डेग दाखवली. डेग म्हणजे फुगल्या पोटाचं, गळ्याशी आवळलेलं मोठं भांडं. एके काळी तिच्यात जहागीरदारांच्या दावती शिजल्या होत्या. आता ती चिंचेखाली पडलेली होती आणि म्हशी तिच्यात पाणी पीत होत्या. अक्कानं ठोकून बघितलं. आवाज स्वच्छ आला. गोठ गेले, डेग आली.

आणायची कशी हा प्रश्न होता. सरकारी बसच्या दाराशी डेग नेली तर कंडक्टर कपाळाला हात लावून म्हणाला, "एनव्वा इदु?" म्हणजे काय गं बाई हे. दारातून ती जाईना. टपावर चढवली तर गोल बुडामुळं घरंगळायला लागली. दोरी नव्हती. मग अक्कानं तोड काढली. मानाजीकाकाला टपावर चढवला आणि डेगीच्या आत बसवला, म्हणजे वजनानं ती हलणार नाही. फाट्यावर उभ्या असलेल्या लोकांना आधी धुरळा दिसला, मग बस दिसली, आणि मग टपावर तांब्याच्या डेगीतून मुंडकं बाहेर काढून बसलेला मानाजीकाका दिसला. गावात अजून त्याला कोणी कोणी 'डेगवाले सरकार' म्हणतात. तो रागावत नाही. बोलतच नाही, तर रागावणार कुठून?

डेग आल्यावर पहिलीच चूक अशी झाली की ती ऐकून अजून हसू येतं. वस्तीतल्या बायकांना इतका आनंद झाला की त्या सगळ्या मिळून डेग घासायला बसल्या. चिंच, राख, विटेचा भुगा. बाहेरून घासली, मग दोघी आत उतरून आतून घासली. दोन दिवसांनी डेग आतून-बाहेरून लालभडक झाली. रशीदभाई कोहिनूरच्या बाजाराला आले होते, ते कौतुकानं बघायला आले आणि आत डोकावून ओरडलेच, "अरे अक्का, ये क्या कर डाले तुम लोगां! पूरी कलई खुरच डाले! अब इसमें खट्टा डाले तो दुल्हा सीधा दवाखाने कू!"

आमच्या बायकांनी आजवर कल्हईचं भांडं घासलंच नव्हतं. आतला पांढरा थर म्हणजे मळ, असं त्यांना वाटलं होतं. अक्का म्हणाली, "रशीदभाई, तुमी आदी सांगायचं न्हाई का?"

"मेरे कू क्या मालूम तुम इत्ता प्यार करते बोलके!"

त्यांनी लिंबाखाली भाता लावला, डेग तापवून नवसागर आणि कथील फिरवलं, आणि आतून ती चंद्रासारखी पांढरी केली. तेव्हापासून दर साल लग्नसराईच्या आधी रशीदभाईंचा भाता लिंबाखाली लागतो.

त्याच दिवशी डेगीवर नाव पडलं. आमच्या वस्तीतले मास्तर, म्हणजे प्राथमिक शाळेतले शिक्षक, त्यांनी खडूनं अक्षरं काढायची आणि रशीदभाईंनी त्यावरून छिन्नीनं ठिपके मारायचे, असं ठरलं. गळ्याखाली, सगळ्यांना दिसेल असं.

"काय लिहू?" मास्तरांनी विचारलं.

"सुंदराबाई."

"नुसतं?"

अक्कानं मानाजीकाकाकडं बघितलं. "ह्याचं बी घाला."

"माझं कामून?" मानाजीकाका म्हणाला. "मी काय केलो?"

"टपावर बसलास न्हवं का?"

तर 'सुंदराबाई मानाजी' असं नाव पडलं. अक्काला वाचता येत नाही, पण त्या ठिपक्यांवरून बोट फिरवून ती नाव ओळखते. आमच्या वस्तीत आमच्यातल्याच माणसाचं नाव असलेलं ते पहिलं भांडं होतं. हे तेव्हा कोणी बोलून दाखवलं नाही. मलाही ते आत्ता लिहिताना सुचतंय.

पाच-सहा वर्षांत दोन डेगी झाल्या, पराती झाल्या, झारे, ओगराळी, पाण्याची पिंपं झाली. दुसरी डेग मटणाची. तिचा एक कान अक्कानं मुद्दाम वाकडा करून घेतला, म्हणजे आंधळ्यालाही कळावं. आसपासच्या वस्त्या येऊ लागल्या, मग रशीदभाईंच्या ओळखीचे लोक, मग गावातलेच माळी, धनगर, कोष्टी. आणि एक दिवस अक्कानं कल्याणहून भिंतीवरचं पंचांग विकत आणलं.

मास्तर तावातावानं आले. "सुंदराक्का, हे काय? आपण प्रतिज्ञा घेतल्या की न्हाई? घरात पंचांग?"

"घेतल्या की, मास्तर."

"मग मुहूर्त कामून बघायलीस?"

"मी नवरा-नवरीचा न्हाई बघायले. डेगीचा बघायले."

"डेगीचा?"

"ऐका तर. मुहूर्ताच्या दिशी चाळीस गावांत एक भांडं रिकामं घावत न्हाई. आन् दुसऱ्या दिशी समदी भांडी पालथी पडतेत. आपल्याला मुहूर्त न्हाई, आपल्याला कुठला बी आईतवार चालतोय. मुहूर्ताच्या दिशी डेग त्यांच्याकडं जाऊ द्या, आईतवारी आपल्याकडं. मग ती पालथी कवा पडंल?"

मास्तरांनी पंचांगाचं एक पान उलटून बघितलं. मग म्हणाले, "आणि तुला पंचांग वाचता येतंय का?"

"न्हाई. तुमाला येतंय की."

तेव्हापासून दर साल मास्तर खिशातून लाल पेन्सिल काढून मुहूर्तांभोवती गोल करून देतात. फक्त ते करताना दार लोटून घेतात.

एवढं सगळं झालं तरी वरची आळी आली नव्हती. तिथली पंचवीस घरं, त्यांचे सोयरे भालकीपासून आळंदपर्यंत. ती आळी आली असती तर अक्काचा धंदा दुप्पट झाला असता, हे तिलाही कळत होतं. मी बारावीच्या सुट्टीत घरी होतो तेव्हा ती वेळ आली. गावकीच्या भांड्यांवरून दोन भावक्यांत भांडण झालं होतं आणि देवळामागच्या खोलीला दोन कुलपं लागली होती. वरच्या आळीतल्या विश्वनाथरावांच्या थोरल्या मुलीचं लग्न चार दिवसांवर. मोठा मुहूर्त, हुमनाबादपर्यंत कुठं भांडं नाही. विश्वनाथराव स्वतः वस्तीच्या लिंबापर्यंत आले. आम्ही सगळे आपापल्या दारांतून बघत होतो.

"सुंदरे," ते म्हणाले, "तुझी डेग पायजे. मंगळवारी."

"किती पंगती, मालक?"

"बारा."

"आठ," अक्का सवयीनं म्हणाली.

त्यांनी ते न ऐकल्यासारखं केलं. "मटणाची तर न्हाई न्हवं?"

"ती वाकड्या कानाची येगळी हाय. हिच्यात वरण, भात न् हुग्गी, दुसरं काय पडलं न्हाई."

"बरं. एक काम कर. ते नाव घासून काढ. कानशीनं निघतंय."

"कामून?"

"कामून म्हंजे? भालकीचे पाव्हणे हैत. वाचतील."

"वाचू द्या की. वाचायसाठीच घातलंय."

विश्वनाथराव वळले आणि चार पावलं गेले. मग अक्काचा आवाज आला, नेहमीपेक्षा बारीक. "नाव निघायचं न्हाई, मालक. पण चुलीवर ठेवताना डेगीच्या बुडाला माती लिंपतेतच. तुमी जरा वरपत्तूर लिंपा."

ते थांबले, मान हलवली आणि गेले. आईनं अक्काला विचारलं, असं का केलंस? अक्का म्हणाली, "पोरीचं लगीन हाय. भातावरनं हसतेत ते मी बघितलंय." पण ते म्हणताना तिनं आईकडं बघितलं नाही.

लग्नाला मी अर्थातच नव्हतो. मानाजीकाका गाडी घेऊन गेला होता आणि अक्काही गेली होती, कारण चुलीचे दगड ती स्वतः मांडते. मांडून झाल्यावर ती बाहेर फाटकापाशी बसली. पुढचं सगळं मला मानाजीकाकानं सांगितलं, आणि तेही दोनदा. यावरून त्याला ते किती लागलं असेल ते समजावं.

दोन पंगती उठल्या. तिसरीची पानं मांडली होती. डेगीत पुन्हा हुग्गी चढवली होती आणि आचाऱ्यानं जाळ जास्त केला. हुग्गी उतू गेली. गूळ घातलेली गव्हाची घट्ट खीर ती, गळ्यावरून खाली सरकली आणि माती घेऊन गेली. आधी 'मानाजी' दिसलं, मग 'सुंदराबाई'. पाव्हण्यांत उदगीरचे एक शिक्षक होते. शिक्षकांना दिसलेलं मोठ्यानं वाचायची सवय असते. त्यांनी वाचलं आणि विचारलं, "ह्या सुंदराबाई कोण?"

विश्वनाथराव आचाऱ्याकडं वळले. फाटकापासून अक्का म्हणाली, "मी हाय जी."

कोण ते सगळ्यांना कळलं. ती कुठं बसलीये यावरूनच कळलं. पंगतीत कुजबूज झाली, काही माणसं उठली, बैल जुंपायला लागली. तेवढ्यात विश्वनाथरावांची विधवा बहीण, आत्याबाई, ओगराळं हातात घेऊन पुढं आली. तिचा सकाळपासून उपास होता.

"दोन पंगती जेवून ढेकर देऊन बसल्यात," ती म्हणाली. "त्यांना आता वकायला लावायचं का? भात मोकळा झालाय, खाली लागला न्हाई. आजपत्तूर आपल्या घरात असा भात झाला न्हवता. बसा खाली. वाढा रे."

साठातले अकराजण न जेवता गेले. अक्काला विचारलं तर ती अजून म्हणते, "अकरा न्हाई, नऊ. दोघं तंबाखू थुकायला गेलते, परत येऊन बसले."

हसून सांगते ती हे. पण त्या संध्याकाळी मी भिंतीच्या अलीकडं होतो. ती आईला म्हणत होती, "दुसऱ्यानं झाकलं असतं तर भांडले असते गं. मीच झाकलं. माती मीच सांगितली." तिचा आवाज इतका खाली आलेला मी कधी ऐकला नव्हता.

दुसऱ्या दिवशी तिनं नियम केला. डेग पाहिजे त्याला मिळेल, पण माती बुडाला लावायची, गळ्याला नाही. कोणी कारण विचारलं तर म्हणायची, "जाळ खाली लागतो. गळ्याला माती कशाला?" वरच्या आळीनं पाठ फिरवली. त्यांचं बघून माळ्यांची दोन घरं गेली, कोष्टीही हुमनाबादहून भांडी आणायला लागले. दोन लग्नसराया अशा गेल्या की लाल गोल केलेल्या दिवशीही डेग अंगणात पालथी असायची आणि तिच्यावर कोंबड्या बसायच्या. मास्तर म्हणाले, नियम जरा सैल कर. आई म्हणाली, "अक्का, हट्ट कामून करायलीस?" रशीदभाईसुद्धा म्हणाले, "नाम में क्या है अक्का, धंदा देखो." अक्का सगळ्यांना चहा द्यायची आणि विषय बदलायची. फक्त एकदा मानाजीकाका म्हणाला, "ऱ्हाऊ दे नाव." त्यानंतर तिला कोणी काही म्हणालं नाही.

लोक हळूहळू परत आले. हुमनाबादची भांडी पातळ होती, त्यांत भात लागायचा. आधी कोष्टी आले, मग माळी. डेग पुन्हा आसपासच्या गावांना जाऊ लागली. वरची आळी मात्र नाही.

या वर्षी शेवटच्या परीक्षेसाठी मी निघालो तेव्हा फाट्यावर बसमध्ये खिडकीशी बसलो होतो. खजुरी गावाच्या बाजूनं अक्का-मानाजीकाकाची बैलगाडी येत होती, कुठलंतरी लग्न उरकून. गाडीत दोन्ही डेगी, आणि सरळ कानाच्या डेगीला पाठ टेकून, पाय पसरून, तोंड उघडं टाकून सुंदराक्का गाढ झोपलेली. उन्हानं तांबं चमकत होतं आणि नाव मला खिडकीतून वाचता आलं. मी हाक मारणार होतो, पण मानाजीकाकानं तोंडावर बोट ठेवून मला गप्प केलं. बस निघाली. त्या दिवशी मी तिला पाहिलं ते एवढंच.

परीक्षा संपली तरी निकालासाठी मी गुलबर्ग्यातच राहिलो. काल धाकट्या बहिणीचं कार्ड आलं. ती सातवीत आहे. पत्ता चुकल्यामुळं कार्ड दुसऱ्याच वसतिगृहात फिरून, बारा दिवसांनी माझ्या हाती पडलं. तिनं लिहिलंय तसंच देतो:

'दादास नमस्कार. आम्ही खुशाल आहोत. विश्वनाथरावांच्या धाकट्या मुलीचं लग्न झालं. ते डेग मागायला आले होते कारण आत्याबाई म्हणाली तीच डेग आणा नाहीतर मी जेवणार नाही. मुहूर्त गुरुवारचा होता. पण गुरुवारी डेग कोहिनूरच्या फौजी दादाच्या लग्नाला दिलेली होती, त्याला तेवढीच सुट्टी होती. ते म्हणले तुमच्यात मुहूर्त नसतो, तुम्ही पुढं ढकला. अक्का म्हणली मुहूर्त न्हाई, पण शब्द दिलेला हाय. ते रागावून गेले. मग दोन दिवसांनी परत आले. जोशीबुवांनी आईतवारचा मुहूर्त काढून दिला. ते म्हणले, सुंदराबाई, आईतवारी तरी मोकळी हाय का? अक्का म्हणली हाय, किती पंगती? ते म्हणले दहा. अक्का म्हणली सात. ते म्हणले बरं सात. मातीचं काहीच बोलले नाहीत. आत्याबाई स्वतः येऊन जेवायला सांगून गेली. अक्का तिसऱ्या पंगतीला बसली, मानाजीकाका पण. काही लोक उठून गेले म्हणे, किती ते अक्का सांगत नाही. घरी आल्यावर आईनं विचारलं जेवण कसं होतं, तर अक्का म्हणली भात चांगला होता, हुग्गीत गूळ कमी पडला.'